आठ बिटांचा नवा वारस बेळगावात बांधायचा झाला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐंशीच्या दशकातल्या आठ बिटांच्या, म्हणजे एका दमात एकच बाइट हाताळणाऱ्या, घरगुती कॉम्प्युटरच्या धर्तीवर नवं मशीन बांधायचं खूळ डोक्यात शिरलेली मंडळी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात विखुरलेली आहेत. प्रत्येकाची स्वप्नातली यादी वेगळी, प्रश्न मात्र तेच तेच. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. काही ठिकाणी माझं मत आहे, ते मत म्हणूनच घ्यावं.

‘नवा वारस’ म्हणजे नेमकं काय बांधायचं?

एप्रिल १९८२ मध्ये सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम आला. ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८० प्रोसेसर, १६ केबी रॉम (कायमची कोरलेली मेमरी), १६ किंवा ४८ केबी रॅम (कामापुरती मेमरी), रबरी बटणं आणि पडदा म्हणून घरचाच टीव्ही. किंमत १२५ पौंडांपासून पुढे. त्याच वर्षी कमोडोर ६४ आला, आणि त्याच्या आधी डिसेंबर १९८१ मध्ये बीबीसी मायक्रो. चालू केलं की बेसिक ही प्रोग्रॅम लिहायची सोपी भाषा समोर हजर. काही लोड व्हायची वाट बघणं नाही, पासवर्ड नाही, अपडेट नाही. शिवाय अख्खं मशीन एका माणसाच्या डोक्यात मावायचं. मेमरीतल्या कुठल्या पत्त्यावरचा बाइट बदलला की पडद्यावर कुठला ठिपका पेटतो, हे नादी पोरांना तोंडपाठ असायचं.

हे दोन गुण राखून आजच्या पार्टांनी बांधलेलं मशीन, त्याला मी वारस म्हणतो. टीव्हीऐवजी मॉनिटर येईल, कॅसेटऐवजी एसडी कार्ड येईल, वेगही वाढेल. पण मशीन एकदा ठरलं की ठरलं. हौशी गटात घोडं अडतं ते इथेच. एकाला वायफाय हवं, दुसऱ्याला थ्रीडी, तिसरा म्हणतो एक जीबी रॅम टाकूया की, स्वस्तच आहे. असं करत करत शेवटी जे उभं राहतं तो साधा पीसीच असतो, तोही बाजारातल्यापेक्षा मंद. यादीतून काय खोडायचं हे ज्याला ठरवता येतं त्याचंच मशीन टेबलावर येतं. बाकीच्यांचं वहीत राहतं.

पण आमच्याकडे असले कॉम्प्युटर होते तरी कुठे?

थोडे होते. केंद्र सरकारने १९८४ मध्ये ‘क्लास’ नावाची शालेय संगणक योजना सुरू केली, तिच्यात देशभरातल्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने स्पेक्ट्रम प्लस भारतात विकला. पण आपल्या भागातल्या चाळिशी-पन्नाशीतल्या बहुतेकांनी ‘आठ बिट’ पाहिलं ते दोनच रूपांत. एक, नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम. त्याच्यासोबत कधीकधी कीबोर्डही यायचा आणि कार्ट्रिजमध्ये बेसिक असायचं. त्यातली चिप ६५०२ या त्या काळच्या लोकप्रिय प्रोसेसरच्याच खानदानातली. दुसरं, पॉलिटेक्निकच्या किंवा इंजिनिअरिंगच्या लॅबमधलं ८०८५ या प्रोसेसरचं किट: सोळा आकड्यांचा कीपॅड, आकडे दाखवणारे लाल सेव्हन सेगमेंट दिवे आणि सबमिशनची घाई.

तेव्हा इंग्लंडमधल्या माणसाला जी बालपणाची ओढ असते ती आपल्याला असायलाच हवी असं काही नाही. आपली कारणं वेगळी असू शकतात. माझं कारण पुढे येतंय.

रास्पबेरी पाय ४०० घेतला की झालं की. कीबोर्डमध्येच कॉम्प्युटर आहे.

घ्या की. चांगली वस्तू आहे. त्याच्यावर स्पेक्ट्रम, कमोडोर सगळ्यांची एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारे प्रोग्रॅम, चालतात. तुम्हाला जुने गेम खेळायचे असतील तर हे पान इथेच बंद करून पाय मागवा, वेळ आणि पैसे दोन्ही वाचतील. फक्त आत लिनक्स ही तयार ऑपरेटिंग सिस्टिम आहे आणि त्याच्या कोट्यवधी ओळींतली एकही तुमची नाही. काहींना तेवढंच टोचतं. त्यांच्यासाठी पुढचे प्रश्न.

जगात कुणी हे पुरं केलंय का?

केलंय, आणि प्रत्येकाची कथा शिकण्यासारखी आहे.

कमांडर एक्स१६ चं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या डेव्हिड मरे यांनी २०१९ मध्ये स्वप्नातल्या कॉम्प्युटरची कल्पना जाहीर मांडली. अट अशी की आज बाजारात सुट्या मिळणाऱ्या खऱ्या चिपाच वापरायच्या, एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी आपल्याला हवी तशी ठरवता येणारी कोरी चिप, शक्यतो नको. प्रोसेसर मिळाला, रॅम मिळाली, आवाजाला यामाहाची जुनी वायएम२१५१ मिळाली. गाडं अडलं व्हिडिओपाशी. जुन्या पद्धतीने प्रोसेसरच्या बसला, म्हणजे त्याच्यातून निघणाऱ्या तारांच्या जुडग्याला, थेट जोडता येईल अशी नवी व्हिडिओ चिप आज सहजी मिळतच नाही. शेवटी ‘व्हेरा’ नावाचं एफपीजीएचं मॉड्यूल घ्यावं लागलं, म्हणजे मूळ अटीला बगल देऊनच. बोर्ड लोकांपर्यंत पोचले २०२३ मध्ये, आणि सुरुवातीला मनात धरलेल्या किमतीपेक्षा बरेच महाग. तरीही हा प्रकल्प मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. कारण ८ मेगाहर्ट्झचा ६५सी०२ (६५०२ चीच सुधारित आवृत्ती) ही मर्यादा त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

स्पेक्ट्रम नेक्स्टने उलटी वाट धरली. पहिल्यापासूनच एफपीजीए. २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर पैसे जमवले. मूळ स्पेक्ट्रमची पेटी ज्यांनी रेखाटली त्या रिक डिकिन्सन यांनीच नवी पेटीही रेखाटली. २०१८ मध्ये ते वारले, आणि मशीन लोकांच्या हातात पडलं २०२० मध्ये. मेगा६५ हा कधी बाजारात न आलेल्या कमोडोर ६५ चा वारस, तोही एफपीजीएवर, २०२२ पासून लोकांना मिळू लागला. ॲगॉन लाइट त्यामानाने छोटा आणि आटोपशीर: ईझेड८० प्रोसेसर, पडद्याचं काम ईएसपी३२ या दुसऱ्या चिपेकडे, चालू केलं की बीबीसी बेसिक.

२०२५ मध्ये तर कमोडोर हे नावच एका हौशी माणसाने आणि त्याच्या मंडळींनी विकत घेतलं.

मग तेच मागवायचं. नव्याने बांधायची गरज काय?

यातल्या एकाही मशीनवर चालू केल्या केल्या ‘बेळगाव’ असं टाइप करता येत नाही. हे माझं कारण. चाळीस वर्षांपूर्वीची मशीनं इंग्रजी बोलायची हे समजू शकतो, रॉम १६ केबीचा होता. आज रॉमला तोटा नाही, तरी वारस इंग्रजीच बोलतात, कारण ते बांधणाऱ्यांची तीच भाषा. आपण बांधायचं तर मराठी आणि कन्नड रॉममध्ये हवं. मागाहून फॉन्ट टाकून नव्हे, मशीन चालू झाल्या क्षणापासून.

एवढं एक सोडलं तर नव्याने बांधण्यात अर्थ नाही असं मी म्हणेन.

देवनागरी बसवणं इतकं अवघड आहे का?

अवघड नाही, किचकट आहे. स्पेक्ट्रमचं अक्षर ८ बाय ८ ठिपक्यांचं. एका अक्षराला ८ बाइट, अशी ९६ अक्षरं, म्हणजे ७६८ बाइटांत सगळं इंग्रजी आटोपलं. आता तेच घर देवनागरीला द्या. शिरोरेखेला एक ओळ गेली. तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांना तीन ओळी तरी लागतात, खाली उकाराला दोन. अक्षराच्या अंगाला उरल्या दोन ओळी. दोन ओळींत ‘म’ आणि ‘भ’ वेगळे काढून दाखवा बघू.

म्हणून १६ बाय १६ चं घर घ्यावं लागतं. मी वाटणी अशी करतो: वर चार ओळी, शिरोरेखेला एक, अंगाला आठ, खाली तीन. आठ ओळींत ‘ळ’ चे दोन्ही गोल नीट बसतात, पण मधला सांधा एका ठिपक्याने जरी डावीकडे सरकला तर लांबून इंग्रजी आठाचा आकडा आडवा पाडल्यासारखा दिसतो. ‘ष्ट्र’ एका घरात कोंबू नका. अर्ध्या ‘ष’ ला वेगळं घर द्या, ‘ट्र’ ला वेगळं. ‘ट्र’ चे खालचे दोन पाय तळाच्या तीन ओळींत उतरतात.

हिशेब असा: १६ बाय १६ च्या एका चित्राला ३२ बाइट. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, काना-मात्रा आणि कन्नडचा सगळा संसार धरून ५१२ चित्रं धरली तर १६,३८४ बाइट होतात. म्हणजे बरोबर १६ केबी. स्पेक्ट्रमचा पूर्ण रॉम, बेसिकसकट, जेवढा होता तेवढी जागा आपल्याला नुसत्या अक्षरांना लागते.

खरी डोकेदुखी क्रमाची. पहिली वेलांटी बोट दाबताना नंतर येते आणि पडद्यावर आधी दिसते. ‘स्थिती’ मध्ये तर ती ‘स’ आणि ‘थ’ दोघांना ओलांडून पुढे जाऊन बसते. जुन्या मशीनची रीत म्हणजे अक्षर आलं की छापून मोकळं व्हायचं. ती इथे चालत नाही. शेवटचं अक्षर कच्चं धरायचं, पुढचं येईल तसं ते पुसून पुन्हा काढायचं आणि नवं मूळ अक्षर आलं की मागचं पक्कं करायचं. मागे हलन्त असेल तर पक्कं करायचं नाही, थांबायचं. रफाराला पण हाच नियम. एवढा भाग, म्हणजे अक्षरांची जुळणी, नीट लिहिला की पुढचं सोपं आहे.

युनिकोड वापरायचं का?

युनिकोड म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणारी आजची पद्धत. ती आत नको, फाइल बाहेर काढताना हवी. ‘बेळगाव’ हा शब्द यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या रीतीत १८ बाइट खातो, कारण दर चिन्हाला तीन. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये ठरवलेल्या ‘इस्की’ पद्धतीत तोच शब्द ६ बाइटांत बसतो. आठ बिटांच्या मशीनला दर चिन्हाला एक बाइट म्हणजे मागितलेलं दान. इंग्रजीचे १२७ पर्यंतचे आकडे जसेच्या तसे राहतात आणि भारतीय अक्षरं १६१ पासून पुढे. जगात आता इस्की कुणी फारसं वापरत नाही, पण आपल्याला जगाशी बोलायचं ते एसडी कार्डावरच्या फाइलीपुरतं. तिथे एक छोटा तक्ता ठेवून युनिकोडमध्ये बदलून द्यायचं.

कन्नड कशाला मध्ये? मराठीचंच काढा की.

हा प्रश्न दोन्ही बाजूंनी येतो, आणि दोघांनाही माझं उत्तर एकच: इस्कीमध्ये कन्नड जवळजवळ फुकट मिळतं. ही पद्धत बनवणाऱ्यांनी सगळ्या भारतीय लिप्यांना एकच आकडे दिले. ‘क’ चा आकडा १७९, मग तो देवनागरीत दाखवा की कन्नडमध्ये. लिपी बदलायची तर फक्त चित्रांचा तक्ता बदलायचा. युनिकोडमध्येही त्या रचनेची खूण राहिली आहे. देवनागरी ‘क’ चा क्रमांक ०९१५, कन्नड ‘क’ चा ०सी९५. सोळाच्या पायात ३८० चा फरक. ‘ळ’ घ्या, ०९३३ आणि ०सीबी३, तोच फरक.

म्हणजे एका बटणावर ‘खानापूर’ देवनागरीतून कन्नड लिपीत दिसेल. शहापूरच्या बाजारात जी माणसं एका वाक्यात दोन्ही भाषा वापरतात त्यांना यात नवल वाटणार नाही. दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ आहेत, ते मराठीत नाहीत. त्यांना बटणं राखून ठेवा. आणि कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लागतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात. त्यासाठी तळाच्या तीन ओळी अपुऱ्या पडतात. कन्नडला शिरोरेखा नाही, त्यामुळे तिथे अंग वर सरकवून खाली पाच ओळी काढता येतात. हे काम कन्नड येणाऱ्या माणसाने करावं. मराठी माणसाने काढलेलं कन्नड आणि कन्नड माणसाने काढलेलं मराठी, दोन्ही लगेच ओळखू येतं.

पाट्यांवरचा वाद इथे आणू नका. कीबोर्डवर तिन्ही लिप्या छापायला जागा आहे.

बेसिकसुद्धा मराठीत करता येईल?

येईल, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. जुनं बेसिक ‘प्रिंट’ हा शब्द अक्षरं म्हणून साठवतच नाही. ओळ एंटर केली की त्याचा एक बाइट होतो. कमोडोर ६४ मध्ये तो १५३. प्रोग्रॅमची यादी मागितली की मशीन तक्त्यात बघून १५३ च्या जागी शब्द छापतं. तो तक्ता मराठी ठेवा, ‘छाप’ दिसेल. कन्नड ठेवा, कन्नड दिसेल. निपाणीच्या पोराने मराठीत लिहिलेला प्रोग्रॅम गोकाकच्या पोराला कन्नडमध्ये वाचता येईल, फाइलीतला एक बाइटही न बदलता.

एक अडचण आहे. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या बेसिकमध्ये या शब्दांचे आकडे १२८ पासून सुरू होतात आणि सत्तरेक शब्द आहेत, म्हणजे ते १६१ च्या पुढे जाऊन इस्कीच्या अक्षरांवर आदळतात. अवतरण चिन्हांच्या आत काही बिघडत नाही, तिथे बेसिक बाइटांना हात लावत नाही. पण चलांची नावं मराठीत द्यायची असतील तर गोंधळ होतो. १२८ ते १६० या ३३ जागा नेहमीच्या शब्दांना द्या, उरलेल्यांना दोन बाइट. चलांची नावं मराठीत नकोतच असं म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही. ‘भाव’ आणि ‘वजन’ लिहिता येत नसेल तर एवढा खटाटोप कशाला?

प्रोसेसर कुठला? झेड८० बंद झाला म्हणे.

झाला. झायलॉगने १९७६ पासून चालत आलेल्या झेड८० च्या शेवटच्या ऑर्डरी जून २०२४ पर्यंत घेतल्या. बाजारात साठा आहे, ईझेड८० चालू आहे, पण नवं मशीन त्याच्यावर उभं करावं असं मला वाटत नाही. ६५सी०२ अजून नवाकोरा मिळतो, वेस्टर्न डिझाइन सेंटर तो बनवतं. ५ व्होल्टवर १४ मेगाहर्ट्झपर्यंत जातो आणि ३.३ व्होल्टवर ८ पर्यंत. हे ३.३ व्होल्ट फार कामाचं आहे. आजच्या मेमरीपासून मायक्रोकंट्रोलरपर्यंत सगळं ३.३ वर चालतं, त्यामुळे मध्ये व्होल्टेज बदलणाऱ्या चिपा घालाव्या लागत नाहीत.

झेड८० वरच जीव असेल तर माझी हरकत नाही. मग पडद्यासाठी पुढे येणाऱ्या आरपी२०४० सारख्या चिपेला ५ व्होल्ट थेट लावू नका, मध्ये ७४एलव्हीसी२४५ ही व्होल्टेज बदलणारी चिप घाला.

एफपीजीए की खरी चिप?

या वादावर लोक रात्री घालवतात. एफपीजीए म्हणजे लबाडी नव्हे. १९८२ च्या स्पेक्ट्रममध्येसुद्धा यूएलए नावाची, फेरांटीकडून गरजेनुसार जोडणी करून घेतलेली चिप होती, आणि तिच्यामुळेच तो स्वस्त झाला. पण शिकायचं असेल तर खरी चिप बरी. ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता तारा खोचायच्या पाटीवर, प्रोसेसरला चाल देणारं घड्याळ सेकंदाला एक ठोका इतकं हळू करून, सोळा पत्त्यांच्या तारांवर एलईडी लावून ६५सी०२ चालताना बघता येतो. रीसेट सोडला की तो एफएफएफसी आणि एफएफएफडी या पत्त्यांवर जाऊन विचारतो, सुरुवात कुठून करू? हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुस्तकातली आकृती कळते. एफपीजीएमध्ये हे सगळं आत घडतं, दिसत नाही.

मग पडद्याचं काय करायचं?

रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. आरपी२०४० चिप, दोन कोर, २६४ केबी रॅम. २०२१ मध्ये ४ डॉलरला आला. पडद्याचं सगळं काम त्याच्याकडे द्या. ज्याला हे ‘खरं’ वाटत नाही त्याने मागचं उत्तर पुन्हा वाचावं.

एक मात्र करा. पडदा हलवायचं काम प्रोसेसरला देऊ नका. ६४० बाय ४८० ठिपक्यांचा काळा-पांढरा पडदा म्हणजे ३८,४०० बाइट. झेड८० ची ‘एलडीआयआर’ ही सूचना दर बाइटला २१ ठोके घेते. ३.५ मेगाहर्ट्झवर एवढे बाइट वर सरकवायला पाव सेकंदाच्या आसपास लागतं, आणि ते डोळ्याला खुपतं. त्यापेक्षा ४० बाय ३० घरांचा तक्ता ठेवा, दर घराला दोन बाइट. ५१२ चित्रांना नऊ बिट लागतात, उरलेले सात रंगाला. सगळा तक्ता २,४०० बाइटांचा. प्रोसेसर तेवढाच हलवतो, ठिपके पिको काढतो.

आवाज?

तीन सूर आणि थोडा खरखराट पुरे. तोही पिकोकडूनच काढून घ्या.

इंटरनेट?

नको.

कीबोर्ड आणि पेटी कुठून आणायची?

इथे बेळगावकरांनी कुणाचं तोंड बघायचं कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान याच गावात काढलं. आज उद्यमबाग आणि मच्छेच्या बाजूला फिरलात तर लेझर कटिंग, बेंडिंग, पावडर कोटिंग सगळं हाकेच्या अंतरावर आहे. परदेशातले हौशी लोक प्लॅस्टिकच्या पेटीच्या साच्यापायी कंगाल होतात. आपण पत्रा वाकवून घ्यायचा.

स्विचसाठी १.५ मिमीचा पत्रा, १४ मिमीची चौकोनी भोकं, एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १९.०५ मिमी. कटिंगच्या मशीनला कळणारी डीएक्सएफ नकाशाची फाइल घेऊन जा. एक-दोन नगांसाठी वर्कशॉपवाले आधी नाक मुरडतात, ते साहजिक आहे. घाई नाही, दुसऱ्या जॉबच्या उरलेल्या पत्र्यात बसवून द्या म्हणालात तर बहुतेक काम होतं. कोटिंग केलं की भोक आवळतं, तेवढी जाडी धरून भोक किंचित मोठं द्या, नाहीतर एकेका भोकाला कानस लावत बसाल.

बटणांची मांडणी इनस्क्रिप्टच ठेवा. १९८६ पासूनची सरकारी मांडणी आहे, डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. इंग्रजी ‘के’ च्या बटणावर ‘क’, आणि तिथेच कन्नडचाही ‘क’. मांडणी एकदा बोटात बसली की दोन्ही लिप्या येतात.

पार्ट बेळगावात मिळतात का?

रेझिस्टर, कपॅसिटर, सॉकेट, सोल्डर मिळतं. पुढचं बंगळूरचा एस. पी. रोड नाहीतर पुण्याची बुधवार पेठ, आणि प्रोसेसर ऑनलाइन. ऑनलाइन घेताना अधिकृत विक्रेताच बघा. फार स्वस्त ६५सी०२ म्हणजे बऱ्याचदा जुन्या चिपेवरचं नाव घासून नवं छापलेलं असतं. ओळखायची युक्ती: ‘बीआरए’ ही सूचना जुन्या ६५०२ ला कळत नाही. दोन ओळींचा प्रोग्रॅम चालवून बघा.

पावसाळ्यात बोर्ड वेड्यासारखं करतंय. का?

आधी फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट चिकटावं म्हणून वापरतात ते रसायन, बघा. सोल्डरिंगनंतर पिनांच्या मध्ये राहिलेला चिकट थर दमट हवेत पाणी धरतो आणि तिथून करंट झिरपतो. खानापूरकडच्या हवेत जून ते सप्टेंबर हे हमखास होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन मागची बाजू घासा, पूर्ण वाळू द्या आणि मग चालू करा. बोर्ड ठेवायच्या डब्यात सिलिका जेल टाका.

लाइट गेली तर?

मशीन मोबाइलच्या पॉवरबँकवर चालतं. पण काही पॉवरबँक करंट फारच कमी ओढला तर मोबाइल काढला असं समजून आपोआप बंद होतात. आपलं मशीन कमी खातं ही तक्रार पहिल्यांदाच ऐकाल. ज्या पॉवरबँकला इयरफोनसारख्या छोट्या वस्तूंसाठी वेगळा मोड असतो तो घ्या.

सर, फायनल इयरच्या प्रोजेक्टला चालेल का?

चालेल, पण ‘रेट्रो कॉम्प्युटर’ असं नाव देऊ नका, गाइड विचारतील ॲप्लिकेशन काय. ‘दोन लिप्यांचं शिकाऊ मशीन’ म्हणा. चौघांत काम छान वाटता येतं: एक फॉन्ट आणि जुळणी, एक पिको, एक बोर्ड, एक बेसिक. फॉन्टवाल्याला सगळे हसतील आणि सर्वांत जास्त काम त्यालाच असेल.

आपल्या देशातली चिप वापरता येईल का?

येईल. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेच्या वेगा मालिकेतला तेजस३२ आहे, एरीज नावाच्या बोर्डांवर मिळतो. तो ३२ बिटांचा, आरआयएससी-व्ही या खुल्या रचनेच्या प्रोसेसर घराण्यातला. आठ बिट हाच हट्ट नसेल तर रॅम किलोबाइटांतच आहे, मशीन डोक्यात मावण्याइतकं छोटं ठेवता येतं. मात्र तयार बेसिक मिळणार नाही, ते लिहावं लागेल.

जुना रॉम कॉपी केला तर चालतो का?

सरसकट नाही. स्पेक्ट्रमचे हक्क १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅडकडे गेले आणि त्यांनी १९९९ मध्ये परवानगी दिली ती एम्युलेटरसोबत रॉम वाटायला. हक्क सोडलेले नाहीत. त्यापेक्षा खुलं झालेलं घ्या. मायक्रोसॉफ्टने ६५०२ चं बेसिक २०२५ मध्ये एमआयटी परवान्याखाली, म्हणजे कुणालाही वापरायची आणि बदलायची मुभा देऊन, खुलं केलं. झेड८० साठी बीबीसी बेसिक खुलं आहे. दोन्हींत बदल करायला मुभा आहे, आणि आपल्याला बदलच करायचे आहेत.

विकून पैसे मिळतील का?

नाही. आगाऊ पैसे तर कुणाकडूनच घेऊ नका. स्पेक्ट्रमच्या नावावर हातात धरायचं एक कन्सोल काढायला २०१६ मध्ये लोकांनी पाच लाखांहून जास्त पौंड दिले. बहुतेकांच्या हाती काही लागलं नाही आणि २०१९ मध्ये कंपनी गुंडाळली गेली. ओळखीच्या माणसाचे पैसे अडकले की बेळगावसारख्या गावात बाजारात फिरणं मुश्कील होतं.

सुरुवात कशाने करू?

पैसे खर्च न करता. आधी एम्युलेटरवर मशीन उभं करा: ६५सी०२, तुमचा मेमरी नकाशा, ४० बाय ३० चा तक्ता. त्याच्यावर मराठी जुळणी चालली की मग ब्रेडबोर्ड. एक्स१६ वाल्यांचाही एम्युलेटर बोर्डाच्या कितीतरी आधी तयार होता, म्हणून बोर्ड आला तेव्हा गेम तयार होते. फॉन्टसाठी आलेख कागदाची वही घ्या. ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’ आणि ‘ष्ट्र’ हे पाच आधी काढा. ते नीट आले तर बाकीचे येतात.

माळ्यावर जुना स्पेक्ट्रम सापडलाय. त्याचे पार्ट काढून वापरू का?

अजिबात नको. आणि लगेच चालूही करू नका. त्याचा अडॅप्टर ९ व्होल्टचा असतो आणि मधली पिन निगेटिव्ह, म्हणजे आज घरात पडलेल्या बहुतेक अडॅप्टरच्या उलट. चुकीचा लावला तर बोर्ड जातो. आधी अडॅप्टर मीटरवर तपासा. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला. मग बोर्डावर ५, १२ आणि उणे ५ व्होल्ट तिन्ही येतात का बघा, कारण उणे ५ नसेल तर खालच्या १६ केबीच्या ४११६ मेमरी चिपा जळतात. बटणं चालत नसतील तर आतलं मेम्ब्रेन, म्हणजे बटणांखालची पातळ जोडणीची पत्री, तडकलेलं असणार. त्याची पट्टी ओढून काढू नका, तुटते. नवं मेम्ब्रेन ऑनलाइन मिळतं.